आचलची जोडवी

आचलचे पाय धुवायचे कोणी, यावरून सकाळपासून दोन विहिणींचं गोड भांडण लागलं होतं. गोड म्हणजे वरून गोड.

"इहीणबाई, तुमचे गुडघे दुखतात. तुमी खाली नका बसू," माणिकबाई म्हणाल्या. "लेक माही आहे, मी धुते."

"लेक तुमची, पन पाट आमच्या घरचा हाय," सुभद्रा म्हणाली, आणि पदर खोचून परातीपुढे बसलीसुद्धा.

अकोल्यातल्या जठारपेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बायकांचं हसू उसळलं. या घराची रीतच तशी होती. जन्मभर सून सासूच्या पाया पडते. पण सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरायच्या आधी, एवढ्या एका दिवशी, सासू सुनेचे पाय धुते. गोदाबाईंनी सुभद्रेचे धुतले होते, गोदाबाईंच्या सासूने गोदाबाईंचे. आता त्या शहाऐंशीच्या गोदाबाई दिवाणावर तक्क्याला टेकून बसल्या होत्या आणि नातसुनेकडे डोळे बारीक करून पाहत होत्या.

माणिकबाईंनी हार मानली ती तात्पुरती. लग्नात कपाटाच्या रंगावरून जे बिनसलं होतं, त्याला दोन वर्षं होऊनही पुरती खपली धरली नव्हती. पण आज जिंकायचं त्यांनाच होतं. खाली आचलच्या भावाची, बंडूची गाडी उभी होती. डिकीत आचलच्या दोन बॅगा केव्हाच जाऊन बसल्या होत्या. जेवणं उरकली की तीनच्या आत लेकीला घेऊन अमरावतीला निघायचं. पहिलं बाळंतपण माहेरचं. साईनगरच्या घरात त्यांनी खोलीला पिस्ता रंग काढून घेतला होता, बाजेला नवी नवार विणून घेतली होती आणि गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"काय भरली आहे पोरगी!" शेजारच्या एक बाई म्हणाल्या. "तोंडावर कसं तेज चढलं."

"कासारीण तं थकून गेली," माणिकबाई कौतुकाने म्हणाल्या. "दोन-चारचा हात होता हिचा. काल दोन-आठच्या बांगड्या भरल्या, त्याई साबन लावून."

हिरव्या साडीत आचल पाटावर बसली होती. हसत होती, पण हसताना तिचा एक डोळा किंचित मिटत होता, उन्हात मिटावा तसा. सुभद्रेने कोमट पाण्यात तिचा उजवा पाय घेतला. हळद लावली. घोट्यावरून अंगठा फिरवला, दाबला, उचलला.

खड्डा तसाच राहिला.

मळलेल्या कणकेत बोट रुतवून काढावं तसा. सुभद्रेने मनात मोजलं: एक, दोन, तीन, चार. खड्डा भरेना. तिने बोटांकडे पाहिलं. जोडवं दिसतच नव्हतं. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि मधे चांदीची एक बारीक रेघ तेवढी उरली होती. रेघेच्या पुढचं बोट निळसर पडलं होतं.

परातीतलं पाणी हललं. सुभद्रेने पाय दोन्ही हातांनी धरला.

हे बोट तिने एकदा पाहिलं होतं. अडतीस वर्षांपूर्वी, दर्यापूर तालुक्यातल्या त्या गावच्या घरात, न्हाणीच्या दगडावर. तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि नणंद शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "वहिनी, जोडवं रुतून राहिलं व. काढून दे," शालू म्हणाली होती. सुभद्रेने साबण घेतला, तेल घेतलं. मागून गोदाबाईंचा आवाज आला: "सवाष्णीचे जोडवे काढते काय वं? अक्कल कुठी गहान टाकली?" सुभद्रेने हात काढून घेतला. शालू कपाळाला फडकं बांधून निजली. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय ताठ होऊन थडथडू लागले. घर म्हणालं, अंगात आलं. लिंबू उतरवलं, कडुनिंबाचा पाला आणला, कोणी उदबत्ती लावून हात जोडले. तिसऱ्यांदा 'आलं' तेव्हा कुठे बैलगाडी जुंपली. दर्यापूरच्या वेशीपाशी गाडी थांबली, ती पुढे न्यायची गरजच उरली नव्हती. शालू गेली, पोटातलं गेलं. त्यानंतर या घरात शालूचं नाव कोणी घेतलं नाही. विचारलंच कोणी तर सांगायचं, देवीनं नेली.

सुभद्रेने पाय पाण्यातून उचलून मांडीवर घेतला.

"आचल, डोकं दुखते काय तुव्हं?"

आचलने आधी माणिकबाईंकडे पाहिलं. "नाही आई. थोडंसं. गर्दी आहे ना, म्हणून."

"ओटी थांबवा," सुभद्रा म्हणाली. "ही आज अमरावतीले जात नाही."

स्वयंपाकघरातून गोळ्यांच्या कढीला फोडणी बसल्याचा आवाज तेवढा आला.

माणिकबाईंच्या हातातला ओटीचा नारळ ताटात परत गेला. "मले वाटलंच होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग हळू राहिल्या नाहीत. "वाटलंच होतं! ऐन टायमावर काई ना काई निघन म्हनून. दोन वर्षांत पोरगी चार दिवस सलग पाठवली नाई तुमी. संक्रांतीले नाई, राखीले नाई. आता बाळंतपन बी ठेवून घेता? लोकाईनं काय म्हनावं आमाले? मायबाप मेले हिचे?"

"मम्मी..." आचल म्हणाली.

"तू चूप बस."

दारात उभ्या बंडूने गाडीची किल्ली खिशात टाकली. "जिजाजी, हे बरोबर नाही हं. तुमीच म्हटलं होतं घेऊन जा."

नितेश एकदा आईकडे, एकदा सासूकडे पाहत होता. लग्न झाल्यापासून या कामात त्याचा हात चांगला बसला होता. "आई, काय झालं तरी काय? पाय तर सगळ्यांचेच सुजतात. मी वाचलंय."

"तू वाचलं. म्या पाह्यलं हाय," सुभद्रा म्हणाली. मग ती दिवाणाकडे वळली. चाळीस वर्षं ज्या बाईपुढे तिने आवाज चढवला नव्हता, तिच्याकडे पाहून ती शांतपणे बोलली. "आत्याबाई, शालूबाईच्या अंगात देवी नवती आली. तिचे पाय असेच होते. असंच जोडवं रुतलं होतं. तिचंई डोकं दुखत होतं. तो रोग होता, आत्याबाई. म्या तवा साबन खाली ठेवला. आज नाई ठेवत."

खुशालराव, सुभद्रेचे यजमान, तोवर गॅलरीत पाहुण्यांशी कापसाच्या भावावर बोलत होते. बहिणीचं नाव कानावर पडताच ते उंबऱ्यात येऊन उभे राहिले, आणि तिथेच राहिले.

पहिल्यांदा बोलली ती आचल. बोलताना तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आई, तीन दिवसांपासून दुखतंय. गोळी घेतली तरी जात नाही. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. इकडे, वरती पोटाच्या तोंडाशीही दुखतं. कार्यक्रम होऊन जाऊ दे म्हटलं. सगळे एवढ्या लांबून आले..."

"नितेश," सुभद्रा म्हणाली, "खालून मायाले बोलाव. मशीन घेऊन ये म्हना."

माया तळमजल्यावर राहायची. बायकांच्या सरकारी दवाखान्यात वीस वर्षं लेबर रूमला सिस्टर होती. आज तिची सुट्टी होती आणि कार्यक्रमाला ती येणारच होती. केसाला अर्धा गजरा लावलेला तसाच घेऊन वर आली. एका नजरेत तिने आचलचं तोंड पाहिलं, पाय पाहिले आणि कोणाशी न बोलता दंडाला पट्टा गुंडाळला. एकदा मोजलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं.

"एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे बारा," ती म्हणाली. "मागचं चेकअप कवा झालं?"

नितेशने माणिकबाईंकडे पाहिलं, माणिकबाईंनी नितेशकडे.

"अवं, फाइल कोनाकडं हाय?"

"म्हणजे, पंधरा तारखेला जायचं होतं," नितेश अडखळत म्हणाला. "मागच्या वेळी बीपी जरा वर आहे म्हणाल्या होत्या, आठ दिवसांनी या म्हणाल्या. पण आता अमरावतीलाच जायचं, तर तिकडचे डॉक्टर पाहतील, म्हणून..."

"आमाले वाटलं तुमी दाखवलंच असन," माणिकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "नेल्यावर सोमवारी दाखवू म्हतलं आमी."

सासरला वाटलं माहेर पाहील, माहेरला वाटलं सासरने पाहिलं असेल. दोन घरांनी पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि तीन आठवडे तिच्या दंडाला पट्टा कोणीच बांधला नाही. कोणी वाईट नव्हतं. शालूच्या वेळीही कोणी वाईट नव्हतं.

"बंडू भाऊ, गाडी दारात लावा. डिकी नका खाली करत बसू," माया भराभर बोलू लागली. "मी वॉर्डात फोन करते. आन हे जोडवे काढा. बोट कायं-निळं पडून राहिलं. ऑपरेशन लागलं तं तसेई काढावेच लागतीन."

सुभद्रेने साबण लावला, तेल लावलं. दोरा गुंडाळून पाहिला. जोडवं तसूभर हललं नाही. आचलच्या डोळ्यांत पाणी आलं.

उंबऱ्यातले खुशालराव आत गेले आणि परतले ते वायर कापायचा कटर घेऊन. तेहतीस वर्षं त्यांनी वीज मंडळात वायरमनकी केली होती. खांबावर चढून, खाली काळोख असताना, जिवंत तारेशेजारून मेलेली तार कापणारा हा माणूस. आता ते सुनेच्या पायाशी खाली बसले.

"अवो भाऊ, सवाष्णीच्या पायातलं कापता?" माणिकबाईंच्या तोंडून निघून गेलं. लेकीसाठी जीव तुटत होता, पण जीभ रीतच बोलली. "ओटीच्या दिवशी? अन् तेई सासऱ्यानं?"

खुशालरावांचा हात थांबला. सगळ्यांच्या नजरा आपसूक दिवाणाकडे वळल्या. या घरात रीत काय अन् अरीत काय, हे तिथूनच ठरत आलं होतं.

गोदाबाई तक्क्यावरून पुढे सरकल्या. तोंडात दात नव्हते, पण शब्द स्पष्ट निघाला.

"काप, खुशाल."

खुशालरावांनी वर पाहिलं.

"तवा म्या नाई म्हतलं होतं. मले समजत नवतं," म्हातारी म्हणाली. "देवी-गिवी काई नवती. म्या मायच्या पोटी जन्माले येऊन माही लेक माह्या डोयापुढं जाऊ देली. काप ते. चांदी हाय, अजून घडवता येते."

टक् असा बारीक आवाज झाला. मग दुसरा, तिसरा, चौथा.

*

गाडीत मागच्या सीटवर आचल, एका अंगाला सुभद्रा, दुसऱ्या अंगाला माया, पुढे माणिकबाई. नितेश मोटरसायकलवर रस्ता मोकळा करत पुढे. दवाखान्याचं फाटक समोर दिसत होतं, तेवढ्यात आचल म्हणाली, "आई, मला काही दिसत नाहीये." आणि तिची मान मागे गेली.

सुभद्रेने तो थडथडाट ओळखला. अडतीस वर्षांत ती तो एकही दिवस विसरली नव्हती.

"बंडू, चप्पल दे! चप्पल हुंगव तिले!" माणिकबाई किंचाळल्या. "नाई तं कांदा! दातात काई तरी घाला, जीभ चावन ती!"

"काई घालायचं नाई तोंडात!" मायाने आचलला डाव्या कुशीवर वळवलं. "सुभद्राताई, डोकं धरा. दाबू नका, नुस्तं धरा. बंडू भाऊ, मागं पाहू नका, गाडी आत घ्या."

सुभद्रेने सुनेचं डोकं मांडीवर धरलं. फेस पदराने पुसला. थडथडणाऱ्या त्या कपाळाला तोंड लावून ती एकच वाक्य म्हणत राहिली: "मी हाय, बाळा. मी हाय. मी हाय." मायाने घड्याळ पाहिलं होतं. सव्वा मिनिट. सुभद्रेला विचारलं असतं तर तिने तास सांगितला असता.

पण या वेळी गाडी वेशीपाशी थांबली नाही. गाडी थेट दारात गेली, आणि दारात स्ट्रेचर उभं होतं, कारण मायाने फोन केला होता. "एक्लॅम्प्सिया," कोणीतरी ओरडलं, आणि त्या एका शब्दासरशी चौफेर माणसं धावली. सुभद्रा त्या शब्दाकडे पाहत राहिली. असं तर नाव होतं त्याचं. म्हणजे नाव होतं. औषधही असणार.

औषध होतं. सलाइनमधून आणि कमरेतून दिलेलं, आगीसारखं गरम इंजेक्शन. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी नितेशला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या. घाई होती, पण घाई दाखवली नाही.

"झटका थांबलाय. पुन्हा येऊ नये म्हणून मॅग्नेशियम चालू केलंय, ते उद्यापर्यंत चालेल. बीपी खाली आणतोय. पण हा आजार गरोदरपणाचाच आहे. बाळ बाहेर आल्याशिवाय तो जायचा नाही. बत्तीस आठवडे झालेत. बाळ लहान असेल, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. आई जरा स्थिर झाली की आपण ऑपरेशन करणार आहोत. अर्धा तास उशीर झाला असता, रस्त्यात कुठे असता, तर मी तुमच्याशी असं बोलत नसते."

"रस्त्यात," माणिकबाई म्हणाल्या. चार वाजायला पाच कमी होते. एव्हाना गाडी अमरावतीच्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या अलीकडे कुठेतरी असती, दोन्ही बाजूंना नुसतं कपाशीच्या पऱ्हाटीचं रान, आणि त्या स्वतः पुढच्या सीटवर बसून लेकीला सांगत असत्या, डोये मिटून पड, डोकं राहीन आता. त्यांना पुढचं दिसलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

सुभद्रा त्यांच्याशेजारी बसली. दोघींच्या साड्या भारी होत्या, ओटीच्या; दोघींच्या हातांना हळद होती.

"म्या तुमाले काय काय बोलली," माणिकबाई म्हणाल्या.

"बोलल्या तं बोलल्या. मले वाईट नाई वाटलं."

"खरंच?"

"वाटलं थोडं," सुभद्रा म्हणाली. "पन कपाटाच्या टायमाले वाटलं होतं, तेवढं नाई."

माणिकबाई रडता रडता हसल्या. मग त्यांनी सुभद्रेच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि सुभद्रेने ते टेकू दिलं.

खुशालराव मात्र बसले नाहीत. कॉरिडॉरच्या टोकाला उभे राहून ते छतावरून गेलेल्या वायरी पाहत होते. त्यांच्या मुठीत चांदीचे चार तुकडे होते.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी आतून आवाज आला. रडण्यासारखा नाही, मांजरीच्या पिलाने झोपेत कुरकुरावं तेवढाच. पण तो आला. माया कपडे बदलून आत गेली होती, सुट्टी असून. ती हिरव्या कापडातलं काहीतरी छातीशी धरून झपाझप निघाली आणि न थांबताच म्हणाली, "पोट्टी हाय. चौदाशे ग्राम. आपल्या आपन श्वास घेऊन राहिली बदमाश!" आणि नवजातांच्या विभागाचं दार तिच्यामागे बंद झालं.

"अन् आचल?" नितेशने बंद दाराला विचारलं.

उत्तर यायला अजून वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं दोन्ही घरांनी एकमेकांचे हात धरून काढली. मग डॉक्टरीणबाई टोपी काढत आल्या. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या.

नितेशने त्यांना वाकून नमस्कार केला. त्या मागे सरकल्या. "मला कशाला? घरी पाय पाहून ओळखलं कोणी, त्यांना करा."

*

शुद्ध आली तेव्हा आचलला सगळं धुक्यातून दिसत होतं. अंगाची आग होत होती. दर तासाला एक सिस्टर येऊन गुडघ्यावर रबराची हातोडी मारायची, पाय उडाला की "शाबास" म्हणून वहीत लिहायची, आणि लघवीच्या पिशवीतला आकडा पाहायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुकं विरलं. तिने पहिलं काय विचारलं असेल, तर, "आई, जेवणं झाली का सगळ्यांची?"

"झाली," सुभद्रा म्हणाली. "कढी खराब झाली तेवढी."

बाळाला पाहायला तिला चौथ्या दिवशी खुर्चीवरून नेलं. काचेच्या पेटीत चवळीच्या शेंगेएवढं काहीतरी, डोक्यावर विणलेली टोपी, नाकात नळी. आचलने हात धुऊन, कोपरापर्यंत धुऊन, बोट आत घातलं. बाळाने ते धरलं. मुठीत फक्त अर्धं पेर मावलं.

"इतकीशी..." आचल म्हणाली.

"इतकीशी, पण काल रात्रीपासून ऑक्सिजन काढलाय तिचा," तिथली सिस्टर म्हणाली. "आता हिला पेटी नको, माणूस पाहिजे. छातीला छाती लावून धरायचं, उघड्या अंगाला. कांगारूसारखं. कोण धरेल?"

आचलचे टाके ओले होते, बीपीच्या गोळ्या चालू होत्या. तिच्याच्याने तासभराहून जास्त होत नव्हतं. मग पाळ्या लागल्या. अकोल्याची पाळी अन् अमरावतीची पाळी. माणिकबाई पिस्ता रंगाची खोली तशीच सोडून पाहुण्यांच्या गाद्यांवर मुक्कामाला आल्या. सुभद्रेने साठाव्या वर्षी समोरून उघडणारा गाऊन घातला आणि लाजेने लाल झाली. चार-चार तास ती आरामखुर्चीत पडून राहायची. छातीवर नातीचं ऊबदार वजन, गळ्यापाशी तिचा श्वास. नितेशनेही धरलं. एक दिवस माया म्हणाली, "भाऊ कुठी हायेत? पुरुषाची छातीई चालते." खुशालरावांनी शर्टाच्या गुंड्या काढल्या त्या सिस्टरकडे पाठ करून. त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांत ते मुठीएवढं डोकं टेकलं, आणि या माणसाने दीड तास पाय हलवला नाही, नात जागी होईल म्हणून.

पोरीचं वजन आधी घटलं. तेराशे तीसवर आलं तेव्हा घरात कोणाला घास गोड लागेना. एकदा तिला कावीळ चढली, निळ्या दिव्याखाली ठेवली. एकदा श्वास विसरली. सिस्टरने तळव्याला टिचकी मारली तशी पुन्हा आठवला. मग चौदाशे. मग साडेचौदाशे. नितेश रोज फॅमिली ग्रुपवर नुसता आकडा टाकायचा आणि अमरावतीहून बंडू त्याखाली फटाके टाकायचा. एकतिसाव्या दिवशी आकडा आला: अठराशे चाळीस. आणि खाली: घरी.

*

घरी म्हणजे कोणत्या, हा प्रश्न उरलाच होता. माणिकबाईंनी तो काढला नाही. त्यांनी बाळाची दुपटी गुपचूप घडी करून सुभद्रेच्या कपाटात ठेवायला घेतली.

"तठी काहून ठेवता?" सुभद्रा म्हणाली. "बॅगेत भरा. पहिलं बाळंतपन माहेरचं असते."

माणिकबाईंनी दुपटी परत छातीशी घेतली.

"फकस्त हे घ्या." सुभद्रेने पिशवीतून एक डबा काढला. बीपीचं मशीन, नवं. आणि त्यावर ती जाडजूड फाइल. "सकाळ-संध्याकाळ मोजायचं अन् ग्रुपवर टाकायचं. गोळी डॉक्टरनं म्हतल्याशिवाय बंद नाई करायची. सहा हप्त्यांनी दाखवायचं, पुढच्या पोटाच्या वक्ताले तं पहिल्या महिन्यापासून दाखवायचं. फाइल जिथं आचल, तिथं. कपाटात नाई, डिकीत नाई. तिच्या हातात."

"माह्याई हातात," माणिकबाई म्हणाल्या.

"अन् माह्याई मोबाइलमदी. सारे फोटो काढले म्या."

ओटी अर्धीच राहिली होती. ती आज भरायची ठरली. पोटातली लक्ष्मी आता मांडीवर होती, एवढाच फरक. पाट मांडला, परात आणली. त्या चार तुकड्यांची सराफाकडून खुशालरावांनी नवी जोडवी घडवून आणली होती, पुन्हा रुतू नयेत म्हणून जरा सैल मापाची. सुभद्रेने आचलचे पाय धुतले, पुसले, आणि उजव्या पायाच्या बोटात जोडवं सरकवलं. आचल उठायला गेली. जोडवं बोटातून निसटलं, परातीच्या काठावर टण्ण वाजलं आणि गडगडत दिवाणाखाली गेलं.

बायका जागच्या जागी थिजल्या. सवाष्णीच्या पायातलं जोडवं गळणं म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नाही.

दिवाणावरून खदखद हसण्याचा आवाज आला. गोदाबाई हसत होत्या. सगळं अंग हलवून, डोळ्यांतून पाणी काढून.

"गयू दे व माय, गयू दे!" त्या म्हणाल्या. "रुतलं तं म्या साजरं म्हतलं होतं. आता गयते हे साजरं."

खुशालराव गुडघ्यांवर येऊन, वायरमनकीची बॅटरी दातांत धरून, दिवाणाखाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला, "सापडलं!" आणि बाहेर येऊन, जळमटं लागलेल्या डोक्याने, त्यांनी ते पणतीसारखं नातीपुढे धरलं. "हे पाह्य, शाले."

म्हटलं आणि ते स्वतःच दचकले. अडतीस वर्षांत ते नाव त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं.

"बाबा," आचल हळूच म्हणाली, "तेच ठेवायचं का हिचं नाव? मला चालेल."

खुशालरावांनी आईकडे पाहिलं. म्हातारीने हात पुढे केले. नातवाची लेक तिच्या ओटीत दिली. गोदाबाईंनी तिचं तोंड खूप वेळ न्याहाळलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "तिचं नाव तिले राहू द्या, ते तिचं हाय. हिले हिचं नवं द्या. पन आता घरात तिचं नाव घेत जा. ती कशी होती, काय खाये, कशी भांडे. म्या सांगीन. इसरली नाई म्या काई."

खालून बंडूने हॉर्न वाजवला. बाळाने तोंड उघडलं, आणि ते मांजरीच्या पिलाचं रडणं नव्हतंच आता. जठारपेठेच्या चौकापर्यंत ऐकू जावं असं खणखणीत वऱ्हाडी रडणं होतं. सगळे एकदम बोलू लागले. कोणी टोपी शोधू लागलं, कोणी दुपटं.

त्या गलक्यात सुभद्रा परातीपाशीच बसून होती. तिने आचलचा पाय पुन्हा मांडीवर घेतला. घोट्याचं हाड वर आलं होतं, बोटं बोटांसारखी सुटी दिसत होती. कोणाचं लक्ष नाही असं पाहून तिने घोट्यावर अंगठा ठेवला, जोर लावून दाबला, आणि उचलला.

मांस लगेच वर आलं. खड्डा पडलाच नाही.

"आई, गुदगुल्या होतात," आचल म्हणाली.

"होऊ दे," सुभद्रा म्हणाली, आणि पुन्हा एकदा दाबून पाहिलं.